रॅरिटन बेसाठी २१ ते २५ फुटी वॉकअराउंड बोट: काय बघावं, काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एडिसनजवळ राहणारं चौघांचं कुटुंब, मुलं सहा आणि दहा वर्षांची, उन्हाळ्यात भारतातून आई-वडील येतात. रॅरिटन बे ही खाडी आणि तिच्या तोंडाशी असलेला सँडी हुक हा वाळूचा दांडा, यांच्या आसपास फ्लूक आणि स्ट्राइप्ड बास (स्ट्राइपर) हे मासे धरायचे आहेत, अधूनमधून सगळ्यांना घेऊन दिवसभर पाण्यावर राहायचं आहे. त्यासाठी सेकंडहँड २१ ते २५ फुटी वॉकअराउंड कडी (इंग्रजीत cuddy) बोट, म्हणजे पुढे छोटी केबिन आणि तिच्या बाजूंनी पुढच्या टोकापर्यंत चालत जायची वाट असलेली बोट घ्यायची, तर कोणती आणि काय बघून?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. या मापाच्या बोटीत केबिन बघून निर्णय करू नका. तुमचं कुटुंब दिवसातले नव्वद टक्के तास कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या भागात काढणार आहे. पुढची छोटी केबिन, म्हणजे कडी, ही सामानाची खोली, टॉयलेटचा आडोसा आणि धाकट्याच्या झोपेची जागा आहे. त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवली की लोक चुकीची बोट घेतात. आधी तळाचा आकार आणि वजन, मग कॉकपिट, मग बाजूच्या वाटा, मग इंजिन, आणि सगळ्यात शेवटी केबिनमधल्या गाद्या. विक्रेता नेमका उलट्या क्रमाने बोट दाखवतो.

सेंटर कन्सोल, म्हणजे मधोमध स्टिअरिंग असलेली बिनकेबिनची उघडी बोट घ्यावी का, हा प्रश्न यातच दडलेला असतो. फक्त मासेमारी असती तर मी सेंटर कन्सोलच सुचवली असती: चहूबाजूंनी फिरता येतं, धुवायला सोपी, तेवढ्याच लांबीत हलकी. पण एप्रिल-मेमधलं रॅरिटन बेचं पाणी थंडगार असतं आणि ऑक्टोबरनंतर पुन्हा तसंच. विंडशील्ड, हार्डटॉप (पक्कं छप्पर) आणि त्याला जोडलेले पारदर्शक पडदे यांनी हंगामात दोन्ही टोकांना कित्येक आठवड्यांची भर पडते. स्ट्राइपरचा उत्तम काळ नेमका याच टोकांना येतो, वसंतात बंकर या छोट्या माशांच्या थव्यांमागे आणि पुन्हा शरदात. त्यात लहान मुलं आणि साठी उलटलेले आई-वडील असतील, तर वॉकअराउंड हा योग्य मार्ग आहे.

परतीचा तास

बोटीची परीक्षा सकाळी सहा वाजता होत नाही. तेव्हा खाडी सपाट असते आणि कुठलीही बोट छान चालते. उन्हाळ्यात दुपारी एक-दोनच्या सुमारास दक्षिणेकडून समुद्रवारा सुटतो, पंधरा-वीस नॉटपर्यंत सहज जातो, आणि तुम्ही सँडी हुकच्या टोकापासून पर्थ अॅम्बॉय किंवा लिओनार्डोकडे परत निघालेले असता. मुंबईच्या उधाणाच्या मानाने इथली भरती-ओहोटी लहान, साधारण पाच फुटांची. पण हुकच्या टोकाला सगळं पाणी एका वळणातून जातं. ओहोटीचा प्रवाह बाहेर जाताना समोरून आग्नेयेचा वारा किंवा समुद्रातून लांबून येणारा लाटांचा फुगवटा आला की लाटा उभ्या आणि जवळजवळ येतात. रोमर शोलवर उथळपणामुळे हेच होतं. तीन फुटांची लाट नऊ सेकंदांच्या अंतराने आली तर बोट तिच्यावरून डोलत जाते. तीच लाट चार सेकंदांनी आली तर दर लाटेला तळ आपटतो. म्हणून नोआ या अमेरिकी हवामान संस्थेच्या अंदाजात लाटेची उंची वाचून थांबू नका, पिरियड, म्हणजे दोन लाटांमधले सेकंदही वाचा. न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी असलेला ४४०६५ क्रमांकाचा बोया तो दोन्ही आकडे देतो.

अशा आखूड लाटांत दोन गोष्टी कामाला येतात. पहिली, तळाचा व्ही आकार. ट्रान्समपाशी, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीपाशी, डेडराइज (या व्हीच्या उताराचा कोन) १८ ते २१ अंश असावा. १४-१५ अंशांची बोट उभी असताना जास्त स्थिर वाटते आणि इंधन कमी खाते, पण समोरच्या लाटेवर मुलांचे दात वाजवते. २३-२४ अंशांची बोट लाट चांगली कापते, मात्र वाऱ्यावर सोडून फ्लूक धरताना कुशीवर डोलते आणि डोलण्यानेच पाहुण्यांना उलट्या होतात. तुमच्या वापराला १९-२० अंश हा चांगला समतोल. ग्रेडी-व्हाइटचा सी-व्ही-टू तळ याच विचाराने बनलेला आहे: मागे मध्यम, पण पुढे जाईल तसा व्ही सतत तीव्र होत जातो. तो रे हंट डिझाइनने आखलेला आहे.

दुसरी गोष्ट फारसं कुणी तपासत नाही: बोट किती कमी वेगात प्लेनवर राहते, म्हणजे पाणी न कापता त्याच्या पृष्ठभागावर उचलून घसरत चालते. खडबडीत पाण्यात कुटुंब बसलेलं असताना तुम्हाला ताशी १५-१७ मैलांनी जायचं असतं. काही बोटी १९-२० मैलांखाली आल्या की नाक वर करून पाण्यात बसतात; मग एक तर आपटत जा, नाही तर आठ मैलांनी रांगत जा. चाचणीत ट्रिम टॅब (ट्रान्समच्या खालच्या काठाला बसवलेल्या, वर-खाली होणाऱ्या पट्ट्या) खाली घेऊन वेग हळूहळू कमी करत जा आणि बोट कुठल्या आकड्याला प्लेन सोडते ते लिहून ठेवा. हा आकडा कमाल वेगापेक्षा तुमच्या जास्त उपयोगाचा आहे.

ट्रिम टॅब नसलेली वॉकअराउंड घेऊ नका, किंवा ते बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करा. केबिन आणि हार्डटॉपमुळे या बोटींना वाऱ्याचा मार जास्त बसतो आणि त्या वाऱ्याकडे कलतात. शिवाय आजी-आजोबा नेहमी एकाच बाजूला, सावलीत बसतात. मापाचा साधा नियम: बोटीच्या लांबीच्या दर फुटाला प्रत्येक बाजूस निदान एक इंच रुंदीची टॅब. २३ फुटांना २४ इंची जोडी ठीक. ट्रान्समवर इंजिनमुळे जागा नसेल, तर रुंदीला कमी पण मागे जास्त लांब असलेली टॅब बसते.

लांबी, रुंदी आणि तुमची गाडी

२१ फूट की २५, याचं उत्तर अनेकदा समुद्र देत नाही, तुमच्या दारातली गाडी देते. जाहिरातीतलं 'ड्राय वेट' हे बऱ्याच कंपन्यांत इंजिनाशिवायचं असतं. हिशेब असा करा: २३ फुटी वॉकअराउंडचं अंग ४००० पाउंडांच्या आसपास, २२५ अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन सुमारे ५६० पाउंड, १२० गॅलन पेट्रोल गॅलनला ६.१ पाउंडांप्रमाणे ७३० पाउंड, बॅटऱ्या, नांगर, बर्फ आणि सामान ५०० पाउंड, दोन आसांचा ट्रेलर १२०० ते १५०० पाउंड. बेरीज ७००० पाउंडांच्या आसपास किंवा त्याच्या वर जाते. होंडा ओडिसी किंवा २०२१ आधीची टोयोटा सिएना ३५०० पाउंड ओढते, पायलट किंवा हायलँडर जास्तीत जास्त ५०००. म्हणजे ओढायची असेल तर मोठी एसयूव्ही किंवा हाफ-टन पिकअप लागणार. नसेल तर हंगामभर मरिनात (बोटी बांधून ठेवायच्या तळावर) जागा घ्यावी लागेल. तिसरा पर्याय २० फुटांपर्यंत उतरण्याचा. हायलँडरवर २३ फुटी बोट 'जवळच तर जायचंय' म्हणून ओढणारे लोक रॅम्पच्या ओल्या उतारावर अडकतात, तेही मागे दहा जण थांबलेले असताना.

रुंदी साडेआठ फुटांपर्यंत असेल तर रस्त्यावर खास परवाना लागत नाही. ग्रेडी-व्हाइटची गल्फस्ट्रीम २३२ पाण्यावर लांबीच्या मानाने खूप मोठी वाटते, कारण ती नऊ फुटांहून रुंद आहे. मरिनात ठेवणार असाल तर हा मोठा फायदा, ट्रेलरवर ठेवणार असाल तर तीच अडचण.

माझं मत: मरिनात ठेवणार असाल तर २३ ते २४ फूट. ट्रेलरवर ठेवणार असाल तर २१ ते २२. २५ च्या पुढे इंधन, जागेचं भाडं आणि हिवाळी आवरणाचा खर्च फुटामागे वाढत जातो, आणि एकट्याने धक्क्याला लावणं अवघड होतं.

कॉकपिट

टेप घेऊन जा. चालकाच्या सीटच्या पाठीपासून ट्रान्समपर्यंत निदान सहा फूट मोकळी जमीन हवी. कठड्याची उंची आतून २६ ते २८ इंच हवी, म्हणजे मोठ्या माणसाच्या मांडीला टेकेल. २२-२३ इंचांचा कठडा गुडघ्याला लागतो आणि लाटेच्या धक्क्याने माणूस बाहेर झुकतो. कठड्याखाली पायाची बोटं जातील अशी खाच आहे का बघा; मोठा मासा ओढताना तीच आधार देते.

मागची सीट ट्रान्समला घडी घालून बसणारी असावी. मासेमारीच्या दिवशी ती बंद, कुटुंबाच्या दिवशी उघडी. सुट्या गाद्या ठेवलेल्या बाकांपेक्षा हे कितीतरी बरं. ट्रान्समला दार असेल तर आजी-आजोबांना चढायला आणि मुलांना पोहून वर यायला सोपं जातं. त्याची कडी भक्कम आणि मुलांना सहज न उघडणारी हवी. पोहण्याची शिडी पाण्याखाली निदान दोन फूट उतरली पाहिजे. दोन पायऱ्यांची आखूड शिडी दमलेल्या माणसाला वर घेत नाही, आणि पाण्यात पडलेल्या माणसाला बोटीत घेण्याचा हाच एकमेव सोपा रस्ता असतो. घरच्या बायकांना साडी किंवा ओढणी नको हे आधीच सांगा. ती क्लीटमध्ये, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीत अडकते.

कॉकपिटची जमीन पाण्याच्या पातळीच्या वर असून पाणी आपोआप बाहेर जायला हवं. हे बघायची सोपी पद्धत: बोट पाण्यात असताना चार मोठी माणसं मागच्या कोपऱ्यात उभी करा. स्कपरमधून (पाणी बाहेर जायच्या भोकांतून) पाणी आत येऊन पाय भिजले, तर त्या बोटीवर मूळच्यापेक्षा जड इंजिन बसवलेलं आहे किंवा तळात पाणी शिरलेलं आहे. जुन्या टू-स्ट्रोकच्या जागी फोर-स्ट्रोक बसवलेल्या १९९० च्या दशकातल्या बोटींत हे वारंवार दिसतं.

बाजूच्या वाटांबद्दल स्पष्ट बोलतो. 'वॉकअराउंड' म्हटलं तरी २१-२२ फुटांत ही वाट आठ-दहा इंचांची असते. एकामागे एक पाय टाकून, एक हात रेलिंगला धरून जावं लागतं. तिचा खरा उपयोग नांगर टाकताना आहे. विंडशील्डमधून रांगत नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) जाणं आणि सरळ चालत जाणं, यातला फरक लाटा असताना कळतो. २५ फूट पाण्यात नांगर टाकायचा, नाळ पाण्यापासून चार फूट वर, सातपट दोर सोडायचा, म्हणजे २०० फूट दोर मोकळा करून परत ओढायचा असतो. बोट दाखवतील तेव्हा बूट घालून, हातात दोराचं वेटोळं घेऊन पुढे जा आणि परत या. रेलिंग मांडीपर्यंत येतं का, हार्डटॉपच्या खांबाजवळ खांदा अडतो का, पायाखाली खरखरीत पृष्ठभाग उरलाय का, हे त्या एका फेरीत कळतं. चालू बोटीत मुलांना या वाटेवर जाऊ द्यायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

केबिन आणि हार्डटॉपचा आणखी एक परिणाम मासेमारीवर होतो. फ्लूकला आमिष तळाशी ताशी एक मैलाच्या आसपास सरकायला हवं. उंच बोटीला वारा ढकलतो आणि वेग दोन-अडीच मैलांवर जातो. शिसं तळाला लागत नाही. चार ते पाच फूट व्यासाचा ड्रिफ्ट सॉक (पाण्यात सोडून वेग रोखणारी कापडी पिशवी) वाऱ्याकडच्या बाजूला मधल्या क्लीटवर बांधला की हा प्रश्न बराच सुटतो. त्यासाठी मधला क्लीट आहे का हेही बघून घ्या.

केबिनमधलं जे खरंच लागतं

झोपण्याची जागा सहा फूट लांब असावी आणि वरचं हॅच पूर्ण उघडावं, नाहीतर जुलैत आत बसवत नाही. टॉयलेट हा कुटुंबासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग; तो नसेल तर दोन तासांत परत यावं लागतं. माझ्या मते या मापात पाच गॅलनचं पोर्टेबल टॉयलेट हेच योग्य: काढून नेऊन रिकामं करता येतं, पाइप नाहीत, बोटीला आरपार भोकं नाहीत. पंपाचं मरीन टॉयलेट आणि टाकी असेल तर पाइपांना वास येतोय का बघा. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत मैला पाण्यात सोडायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे टाकी पंपआउट स्टेशनवरच रिकामी करावी लागते.

बोट लागलेल्या माणसाला केबिनमध्ये झोपायला पाठवू नका. नाळेपाशी हालचाल सर्वांत जास्त असते आणि क्षितिज दिसत नाही. त्याला कॉकपिटच्या मध्यभागी, मागच्या बाजूला बसवा.

पडदे पूर्ण लावून हळू चालताना मागून धूर कॉकपिटमध्ये खेचला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याची पहिली लक्षणं, डोकेदुखी व मळमळ, बोट लागण्यासारखीच असतात. पुढचं एखादं झडप किंवा विंडशील्ड उघडं ठेवून हवा पुढून मागे वाहू द्या, आणि केबिनमध्ये मरीन दर्जाचा सीओ अलार्म बसवा. आत गॅसची शेगडी नको. पोळी-भाजीचे डबे आणि थर्मासमधला चहा पुरतो.

इंजिन

या वापराला एकच आउटबोर्ड (ट्रान्समवर बाहेर बसवलेलं इंजिन) पुरे. २१ फुटांना १५० ते २०० अश्वशक्ती, २३ फुटांना २२५ ते २५०. कमी अश्वशक्तीची बोट स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. सहा माणसं आणि भरलेली टाकी घेऊन ती प्लेनवर येत नाही आणि सतत ताणून चालवल्याने इंधन जास्तच जातं. आतल्या इंजिनाची स्टर्नड्राइव्ह बोट किमतीला आकर्षक असते. पण इंजिनाचा खोका कॉकपिटचा मधला भाग खातो, रबरी बेलो फाटला की बोट बुडू शकते, आणि खाऱ्या पाण्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड व रायझर पाच-सात वर्षांनी बदलावे लागतात. मी मासेमारीसाठी ती सुचवत नाही.

२३ फुटी बोटीला २२५ चं इंजिन ताशी २५-२८ मैलांच्या वेगात गॅलनला दोन मैलांच्या आसपास देतं. १२० गॅलन टाकीचा एक तृतीयांश राखीव ठेवला तर ८० गॅलनांत १६० मैल. तुमच्या फिरण्याला हे भरपूर आहे, म्हणून १५० गॅलन टाकीसाठी जादा पैसे देऊ नका. न वापरलेलं इथेनॉलयुक्त पेट्रोल ओलावा शोषतं आणि तो त्रास वेगळा.

सेकंडहँड इंजिनाचे तास घड्याळावर विश्वासून घेऊ नका. यामाहा, मर्क्युरी, सुझुकी यांच्या डीलरकडे लॅपटॉप जोडून तासांचा आणि आरपीएमचा छापील अहवाल मिळतो, तो मागा. कॉम्प्रेशन चाचणीत सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. गिअरकेसच्या तेलाचा खालचा स्क्रू सैल करून थोडं तेल काढा: दुधाळ असेल तर सील गेलंय. यामाहाच्या पहिल्या पिढीच्या ३.३ लिटर व्ही-सिक्स फोर-स्ट्रोक इंजिनांत, म्हणजे २००० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या एफ-२००, एफ-२२५, एफ-२५० मध्ये, एक्झॉस्टचा आतला भाग गंजण्याची तक्रार सर्वश्रुत आहे. त्या वर्षांचं इंजिन असेल तर तो भाग उघडून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. एव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं. ते इंजिन चालेल, पण किंमत त्या हिशेबाने कमी हवी.

तुमच्या मार्गावर टो कंपन्या, म्हणजे बंद पडलेली बोट ओढून आणणाऱ्या, सहज पोचतात. वार्षिक सभासदत्व घ्या. तासावर बिल आलं तर एका फेरीतच ते अनेक वर्षांच्या वर्गणीइतकं होतं.

जुन्या बोटीचं खरं दुखणं

पंधरा-वीस वर्षांच्या बोटीत इंजिन बदलता येतं. ट्रान्सम, स्ट्रिंगर (तळाला आतून आधार देणाऱ्या तुळया), डेक आणि पेट्रोलची टाकी ही चार ठिकाणं बोट घ्यावी की नाही ते ठरवतात, आणि तिथलं नुकसान वरवर पाहून दिसत नाही.

१९९० च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच चांगल्या कंपन्यांच्या बोटींतही ट्रान्सममध्ये प्लायवूड असायचं. कुणीतरी ट्रान्सड्यूसर (पाण्याची खोली मोजणारा सेन्सर) बसवताना स्क्रूच्या भोकांत सीलंट भरलं नाही, पाणी आत गेलं, आणि लाकूड दहा वर्षांत कुजलं, असं होतं. इंजिन अर्धं वर उचला, खालच्या प्लेटवर माणसाचं वजन द्या आणि ट्रान्समचा वरचा काठ बघा: हालचाल दिसली, किंवा इंजिनच्या ब्रॅकेटभोवती केसासारख्या चिरा असल्या, तर थांबा. ट्रान्सड्यूसरचा एक स्क्रू काढून पाहू द्या अशी विनंती करा. तपकिरी पाणी झिरपलं तर लाकूड भिजलेलं आहे. ट्रान्सम नवा करण्याचं काम हजारो डॉलरांचं असतं.

वॉकअराउंडमध्ये डेकचा गाभा कुजण्याची खास ठिकाणं आहेत: रेलिंगच्या खांबांचे पाय, हॅचची चौकट, नांगराच्या कप्प्याची कड, विंडशील्डचा खालचा काठ, हार्डटॉपच्या पायांच्या प्लेटा. या ठिकाणी प्लास्टिकच्या हातोडीने हलकेच ठोका. टणक, कोरडा आवाज चांगला. बोदा आवाज म्हणजे आत ओल. बाजूच्या वाटेवर पाय दिल्यावर जमीन किंचित दबते का बघा. केबिनमधल्या गाद्या उचलून खालची फळी आणि कोपऱ्यातले पाण्याचे डाग बघा. नव्या गाद्या नेमक्या त्याच ठिकाणी घातलेल्या असतील तर जास्त बारकाईने.

अॅल्युमिनियमची टाकी बहुधा फोममध्ये बसवलेली असते. फोम ओला राहिला की धातूला बाहेरून खड्डे पडतात आणि पंधरा-वीस वर्षांत ती गळते. बदलायला कॉकपिटची जमीन कापावी लागते, अपवाद फक्त जिथे वर काढता येणारी मोठी झडप दिली आहे. ती झडप असलेली बोट मिळाली तर तिला दोन गुण जास्त द्या. तपासणीची पट्टी उघडून टाकीचा वरचा भाग बघा, पेट्रोलचा वास येतोय का बघा, आणि दहा मायक्रॉनच्या फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून तळाशी पाणी बसतं का ते पाहा.

२९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळाने या किनाऱ्यावरच्या कितीतरी बोटी बुडवल्या, उलथवल्या. त्यांतल्या काही दुरुस्त होऊन बाजारात फिरत राहिल्या, आणि नंतरच्या वादळांनंतर फ्लोरिडातूनही तशा बोटी आल्या. टायटलवर (मालकीच्या कागदावर) सॅल्व्हेज, म्हणजे मोडीत काढल्याचा शेरा आहे का बघा. बुडालेल्या बोटीची खूण वायरिंगमध्ये राहते: कन्सोलच्या मागे उंचावरच्या जोडांवर हिरवा गंज, आणि केबिनच्या वरच्या कप्प्यांतही गाळाची रेघ. ट्रान्समवरचा १२ अक्षरी हल क्रमांक कागदांशी जुळवा; १९८४ च्या उत्तरार्धानंतरच्या बोटींत त्याचे शेवटचे दोन अंक मॉडेल वर्ष सांगतात.

हे सगळं स्वतः बघितल्यावर, पसंत पडलेल्या एकाच बोटीसाठी एसएएमएस किंवा एनएएमएस या सर्व्हेयरांच्या संघटनांचा मान्यताप्राप्त सर्व्हेयर (बोट तपासणारा तज्ज्ञ) लावा. फी फुटामागे साधारण २० ते ३० डॉलर. सर्व्हेयर विक्रेत्याने सुचवलेला नको. इंजिन बघायला मेकॅनिक वेगळा; बहुतेक सर्व्हेयर इंजिन उघडत नाहीत. जुन्या बोटीचा विमा देताना कंपन्या सर्व्हे मागतातच. पॉलिसी ठरलेल्या मूल्याची घ्या, घसारा कापणारी नको.

कोणत्या बोटी पाहाव्या

पहिली पसंती ग्रेडी-व्हाइट सीफेअरर २२६ किंवा २२८: ट्रेलरवर जाते, कॉकपिट खोल, विकताना किंमत टिकते. मरिनात ठेवणार असाल तर गल्फस्ट्रीम २३२. बॉस्टन व्हेलर कॉन्क्वेस्ट २३५ वजनदार आणि मुलांसाठी अतिशय सुरक्षित, मात्र महाग. तिच्या फोममध्ये पाणी शिरलेलं नाही ना हे सर्व्हेयरकडून बघून घ्या. जुन्यांत परसूट २४७० चांगली बांधलेली आहे. बजेट कमी असेल तर ट्रॉफी किंवा सीस्वर्ल स्ट्रायपर पाहा. बांधणी साधी, पण नीट राखलेली ट्रॉफी ही दुर्लक्षित ग्रेडीपेक्षा कधीही बरी. थंडीत जास्त मासेमारी करणार असाल तर पार्कर २३२० किंवा लाँग आयलंडवर बनणारी स्टायगर क्राफ्ट यांची बंद पायलटहाऊस बोटही बघून या, मग ठरवा.

ठरलेल्या बजेटपैकी १५ ते २० टक्के बाजूला ठेवा. नव्या बॅटऱ्या, इम्पेलर, पंप, व्हीएचएफ रेडिओ, लाइफजॅकेट आणि ट्रेलरचे ब्रेक यांत ते पहिल्याच हंगामात जातात. न्यू जर्सीत ३००० पाउंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक लागतातच. बिल्जचे (तळातल्या, पाणी साचणाऱ्या पोकळीचे) दोन पंप हवेत, आणि पाणी वाढलं की पंप आपोआप सुरू करणारा फ्लोट स्विच मुख्य स्विच बंद असतानाही चालेल असा थेट बॅटरीला जोडलेला हवा. धक्क्याला बुडणाऱ्या बोटी बहुधा पावसाच्या रात्री बुडतात. व्हीएचएफ २५ वॉटचा, आठ फुटी अँटेनासह, एमएमएसआय (रेडिओवर बोटीची ओळख पटवणारा) क्रमांक भरलेला.

मुलांची लाइफजॅकेट त्यांच्या वजनाप्रमाणे घ्या, 'वाढत्या अंगाची' नको. तेरा वर्षांखालच्या मुलांनी चालू बोटीत ती घालणं कायद्याने बंधनकारक आहे, बंद केबिनमध्ये असतील तेवढाच अपवाद. एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटीत प्लेनवर चालताना इंजिन बंद करणारी दोरी किंवा वायरलेस जोडणी चालकाच्या अंगाला जोडलेली असावी लागते. दोरी बोटीसोबत मिळते का आणि ओढल्यावर इंजिन खरंच बंद होतं का, हे चाचणीतच पाहा. न्यू जर्सीत अशी बोट चालवायला सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. रॅरिटन बेचा उत्तरेकडचा भाग न्यूयॉर्कचा आहे आणि तिथेही ते लागतं, म्हणून ते घ्याच, आणि पती-पत्नी दोघांनीही घ्या. चालवणारा एकच असेल आणि तोच आजारी पडला तर बोट कोण आणणार?

पाण्यातली चाचणी इंजिन थंड असताना सुरू करा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. निदान चार माणसं आणि अर्धी टाकी घेऊन जा. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ पोचायला हवेत. पाच-सहाशेने कमी पडत असतील तर प्रोपेलरची पिच जास्त आहे किंवा बोट ओल्या फोमने जड झाली आहे. स्टिअरिंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पूर्ण फिरवा, उलट्या गिअरमध्ये जोर द्या, मग वीस मिनिटं क्रूझ वेगात चालवून इंजिन बंद करा आणि बिल्ज उघडून बघा. सकाळी कोरड्या असलेल्या बिल्जमध्ये पाणी आलं असेल, तर ते कुठून आलं हे सापडेपर्यंत सही करू नका. आणि शक्य असेल तर ही चाचणी दुपारी दोन वाजता, वारा सुटल्यावर ठेवा.